‘सोड’ म्हणाल्या सिस्टर

३ मार्च

आत्या,

आधीच माफी मागते. ऱ्हस्व-दीर्घाचा माझा आनंदीआनंद आहे हे तुला माहीतच आहे, आणि होस्टेलच्या या कॉम्प्युटरवर मी एका बोटाने टाइप करते. एक अक्षर सापडेपर्यंत पुढचं वाक्य डोक्यातून जातं. मागे दोघी जणी नंबर लावून उभ्या आहेत आणि मुद्दाम खोकतायत. पण फोनवर मला नुसतं रडू येतं आणि तू "हॅलो हॅलो" करत बसतेस. म्हणून ईमेल लिहिते.

माझ्या हातून एक मोठी गोष्ट झालीय. पेशंट बरे आहेत, हे आधी सांगते, म्हणजे तू घाबरणार नाहीस.

आमच्या वॉर्डात एक आजोबा आहेत, सुतार होते. त्यांच्या छातीत, फुप्फुसाच्या बाहेर पाणी साठलं होतं. काल सकाळी डॉक्टरांनी बरगड्यांमधून नळी घातली, बरंच पाणी काढलं आणि नळीला क्लॅम्प लावून बंद केली. क्लॅम्प म्हणजे चिमटा, नळी दाबून धरतो तो. सगळं पाणी एका दमात काढायचं नसतं, मधे थांबायचं असतं. हे मला आता कळलंय. काल माहीत नव्हतं.

दुपारी मी आजोबांची चादर बदलत होते. नळी त्यांच्या कोपराखाली अडकली होती. मी ती बाहेर काढून हातात धरली आणि आमच्या सिस्टरला विचारलं, "सिस्टर, ही नळी?" मी विचारते म्हणजे कसं, तुला ठाऊक आहे. माझं मलाच ऐकू येतं. त्या वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला होत्या, तिथल्या बाईंना उलट्या होत होत्या. तिथून ओरडल्या, "ते सोड! भांडं घेऊन इकडे ये!"

मी सोडली. म्हणजे क्लॅम्प उघडला. आणि भांडं घेऊन पळाले.

आत्या, मी मुद्दाम नाही केलं गं. सकाळीच त्यांनी मला दुसऱ्या पेशंटच्या लघवीच्या पिशवीखाली बादली धरायला लावली होती आणि म्हणाल्या होत्या, "हं, सोड." तेव्हा मी पिशवीचा चिमटा उघडला तर म्हणाल्या, "बरोबर." मग दुपारचं सोड म्हणजे राहू दे, हात लावू नकोस, हे मला कसं कळणार?

थोड्या वेळाने आजोबा खोकायला लागले. थांबेचनात. ओठ निळे. नळीखालची पाण्याची बाटली भरत चाललेली. सिस्टर धावत आल्या, क्लॅम्प लावला, ऑक्सिजन लावला, डॉक्टर आले. मी भिंतीला चिकटून उभी. संध्याकाळपर्यंत आजोबा ठीक झाले, चहा मागितला.

मग सिस्टरने विचारलं, "कोणी उघडला?" मी म्हटलं, "मी."

"कोणी सांगितलं?"

त्यांच्या तोंडावर "तुम्ही" कसं म्हणू? खाली बघत राहिले. त्या म्हणाल्या, "होस्टेलला जा."

आज ड्युटीवर त्या माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. चौकशी होणार म्हणतात. तू म्हणाली होतीस, शाळा सुटली तर सुटली, मदतनीसाचा कोर्स कर, तिथे फळ्यापुढे उभं करून कोणी वाचायला लावत नाही. खरंय. पण इथूनही काढलं तर मी कुठे जाऊ?

बाबांना सांगू नकोस.

तुझी गोगलगाय


४ मार्च

ए गोगलगाई,

तुझं पत्र दुकानात गिऱ्हाईक समोर उभं असताना वाचलं आणि त्या बाईच्या ब्लाउजची बाही उलटी शिवली. तिला सांगितलं, फॅशन आहे. घेऊन गेली.

पहिली गोष्ट, जेव. तू जेवली नसणार. दुसरी गोष्ट, रडून झालं असेल तर डोळे धू आणि नीट वाच.

ती सिस्टर गप्प का आहे, कळतंय का तुला? ती विचार करतेय. काय सांगायचं, कसं सांगायचं, ते जुळवतेय. "मी काही म्हटलंच नव्हतं, पोरीने आपल्या मनाने केलं." असंच सांगणार बघ. मी कपड्यांच्या कारखान्यात होते ना, तिथे सुपरवायझरने सांगितलं तशा मी सगळ्या कॉलर कापल्या. चुकीच्या निघाल्यावर तो मॅनेजरसमोर म्हणाला, "हिला ऐकू कमी येतं." मला! मी भिंतीपलीकडचं ऐकते! तरी घरी बसवलं मला. त्या दिवसापासून वरच्या माणसाच्या गप्प बसण्यावर माझा काडीचा विश्वास नाही.

म्हणून तू आधी बोल. चौकशीची वाट बघू नकोस. सरळ मोठ्या मॅडमकडे जा आणि सांग, या बाईंनी सोड म्हटलं, मी सोडलं. पाठ करून जा हवं तर. आरशासमोर म्हण.

आणि "सिस्टर, ही नळी?" एवढंच विचारतात होय गं? नळीचं काय? लोंबकळतेय? तुटली? विकायचीय? पूर्ण वाक्य बोलायला पैसे पडतात का? लहानपणापासून हेच. "आत्या, ते दूध?" आणि तोवर दूध गॅसवर.

बाबांना सांगणार नाही. पण तुझा आवाज ऐकून त्यांना कळलं तर मी जबाबदार नाही.

आत्या


६ मार्च

आत्या,

मी मॅडमकडे गेले होते. म्हणजे दारापर्यंत. मॅडम म्हणजे मेट्रन, सगळ्या सिस्टर्सच्या वरच्या. दार अर्धं लोटलेलं होतं आणि आत आमच्या सिस्टर होत्या. त्यांचा आवाज सगळ्या कॉरिडॉरमध्ये जातो, आम्ही मुली त्यांना भोंगा म्हणतो. पण आत त्या हळू बोलत होत्या. एवढंच ऐकू आलं, "ती मुलगी माझ्याजवळ येऊन काही विचारत नाही, हाच प्रश्न आहे."

मी तशीच मागे फिरले.

म्हणजे तू म्हणालीस तेच. मीच प्रश्न आहे.

आज त्यांनी मला फक्त फडताळ पुसायला लावलं, तेसुद्धा दुसऱ्या मुलीकडून निरोप पाठवून. "तिला सांग, वरचा कप्पा राहिलाय." मी दोन हातांवर होते, आत्या. मला ऐकू येत होतं. दुसऱ्या मुली थर्मामीटर लावतात, बीपी घेतात, मी फडताळ पुसते. पेशंटला हात लावायचा नाही.

आणि सगळ्यात वाईट काय सांगू? त्या चांगलं शिकवतात गं. पहिल्या आठवड्यात अंथरुणाला खिळलेल्या माणसाला कुशीवर कसं वळवायचं ते दाखवताना स्वतः पलंगावर झोपल्या आणि म्हणाल्या, "मला वळव, मी जड आहे, घाबरू नकोस." मी वळवलं. "पाठीला हात आधी, मग खांदा. माणूस आहे, गोणी नाही." तेव्हापासून मी तसंच वळवते. आजोबा म्हणायचे, या पोरीचा हात हलका आहे. आता आजोबांच्या पलंगाजवळून जाताना मी वेग वाढवते. ते हाक मारतात आणि मी ऐकू न आल्यासारखं करते.

चौकशी शुक्रवारी आहे. मला झोप लागत नाही. काय सांगू तिथे? त्या समोर बसलेल्या असताना, "या म्हणाल्या" असं बोट दाखवू? आणि त्या म्हणाल्या "नाही" तर? त्यांचं ऐकतील का माझं?

तू काही करू नकोस. फक्त लिही.

गोगलगाय


७ मार्च

गोगे,

मी फोन केला.

ओरडू नकोस. "काही करू नकोस" हे मी वाचलं, पण तोवर झालं होतं, असं सांगणार होते. पण खोटं कशाला बोलू. वाचलं आणि मग केला.

तुझ्या मेट्रन मॅडमशी बोलले. मी आवाज अजिबात चढवला नाही. म्हटलं, आमची पोर अबोल आहे म्हणून सगळं तिच्या गळ्यात टाकू नका, त्या सिस्टरनेच उघडायला सांगितलं आणि आता हात झटकतायत, पोरीला कपाटं पुसायला बसवलंय, हा कुठला न्याय? आणि वॉर्डभर ओरडणाऱ्या बाईच्या हाताखाली पोरं घाबरणार नाहीत तर काय करतील? मॅडम म्हणाल्या, "तुम्ही कोण?" म्हटलं, आत्या. म्हणाल्या, "कळलं. आभारी आहे." आणि फोन ठेवला.

मला बाई चांगली वाटली. बघ, आता शुक्रवारी तुझी बाजू आधीच पोचलेली असेल. तुला काही बोलावंही लागणार नाही.

जेवलीस का?

आत्या


८ मार्च

आत्या,

तू काय केलंस हे तुला कळत नाहीये.

आज सकाळी सिस्टर मला जिन्यात भेटल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदा समोर थांबल्या. आवाज अजिबात मोठा नव्हता. मोठा असता तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "हात झटकले म्हणे मी."

मी कठड्याला सरकून त्यांना वाट दिली.

म्हणाल्या, "त्याच संध्याकाळी मी मॅडमना सांगितलंय. शब्द माझा होता. सोड म्हणाले मी. चौकशी होईपर्यंत त्या मुलीशी या विषयावर बोलू नका, तिला पेशंटला हात लावू देऊ नका, असं मॅडमनी सांगितलं म्हणून गप्प होते. बोलले तर तू म्हणशील, सिस्टरने पढवलं." मग जिना उतरायला लागल्या आणि अर्ध्यातून वर बघून म्हणाल्या, "मला येऊन विचारता आलं नसतं का गं तुला?"

कळलं का आत्या? त्या माझी बाजूच घेत होत्या. आधीच. कोणी न विचारता. आणि मॅडमनी काल त्यांना परत बोलावून तुझं सगळं ऐकवलं. ओरडणारी बाई. हात झटकणारी. त्यांना वाटतंय मी घरी चुगली केली आणि फोन करायला लावला. आणि ते थोडं खरंच आहे. मी तुला तसंच लिहिलं होतं. मीच त्यांच्या गप्प बसण्याचा तसा अर्थ लावला.

दारातून ऐकलं ते वाक्यसुद्धा अर्धंच होतं. पुढचं काय असेल? मी थांबायला हवं होतं.

तुझ्या कॉलर वेगळ्या आणि ही नळी वेगळी होती.

आता शुक्रवारी त्यांनी मला वॉर्डात नको म्हटलं तर मी त्यांना चूक म्हणू शकत नाही. वॉर्डात नको म्हटलेल्या मुलीला कोर्समध्ये ठेवत नाहीत.

मी रागावलेय. तू लिहिलंस तरी मी शुक्रवारपर्यंत उघडणार नाही.


९ मार्च

उघडणार नाहीस तरी लिहिते, नंतर वाच.

तू माझ्यावर पहिल्यांदा रागावलीस. सतरा वर्षांत. आधी मला वाईट वाटलं, मग म्हटलं, बरं झालं, पोरीला राग येतो म्हणजे.

चुकलं माझं. मी त्या बाईला पाहिलेलं नाही आणि माझ्या सुपरवायझरचं तोंड तिला लावून टाकलं. मॅडमना परत फोन करून सांगू का, असं विचारणार होते. नाही विचारत. शिवण उसवायला गेलं की माझ्या हातून कापड फाटतं.

शुक्रवारी तू जा आणि जे खरं आहे ते बोल. मी काय म्हटलं ते विसर. मी शिकवलेलं एकही वाक्य तिथे बोलू नकोस.

आत्या

(बाबांना सांगितलं नाही. ते विचारत होते, "पोरगी पत्रं का लिहितेय, फोन आहे ना?" म्हटलं, तिचा अभ्यास आहे तो.)


१४ मार्च

आत्या,

तुझं पत्र शुक्रवारी सकाळीच वाचलं. राहवलं नाही.

सगळं सांगते, लांब होईल. आज मागे कोणी नंबर लावलेला नाही.

खोलीत मेट्रन, डॉक्टर, सिस्टर आणि मी. सिस्टर आधी बोलल्या. उभं राहून. "मी सोड म्हणाले, राहू दे अशा अर्थाने. सकाळी याच मुलीला मी उघड अशा अर्थाने सोड म्हणाले होते. शब्द माझा चुकला." मॅडम म्हणाल्या, "म्हणजे हिची चूक नाही?" मला वाटलं, संपलं, सुटले. पण सिस्टर म्हणाल्या, "आहे. ती नळी कसली आहे हे हिला माहीत नव्हतं. माहीत नसताना हात लावला. चार पावलं चालत येऊन विचारायला हवं होतं."

मॅडमनी मला विचारलं, "का नाही विचारलंस?"

तू म्हणालीस ना, जे खरं आहे ते. मी म्हटलं, "भीती वाटली."

"नळीची?"

"नाही. यांची."

डॉक्टर खिडकीबाहेर बघायला लागले. सिस्टरचा चेहरा असा झाला की जणू त्यांना हे आजवर कोणी सांगितलंच नव्हतं. मी लगेच म्हटलं, "आणि आत्याने जो फोन केला तो माझ्या सांगण्यावरून नव्हता, पण मी तिला तसं लिहिलं होतं. यांनी हात झटकले नाहीत. माझी समजूत चुकली." माझ्या आयुष्यातलं सगळ्यात लांब बोलणं ते.

मॅडमनी सिस्टरला विचारलं, "ठेवायची का हिला तुमच्याकडे?"

त्या लगेच हो म्हणाल्या नाहीत, आत्या. म्हणाल्या, "मला उद्यापर्यंत वेळ द्या."

तो दिवस कसा गेला ते विचारू नकोस. संध्याकाळी मी भांडी धुवायच्या खोलीत बेडपॅन घासत होते, तर त्या आत आल्या. दार लावलं. म्हणाल्या, "मी ओरडते?"

"हो."

"खूप?"

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "तुम्हाला सगळे भोंगा म्हणतात."

माझ्या हातातून बेडपॅन खाली. केवढा आवाज! त्या वाकून उचलायला लागल्या. मग म्हणाल्या, "कोण कोण?" मी नावं सांगितली नाहीत. म्हणाल्या, "बरं. सांगू नकोस." आणि जाताना, "वॉर्ड लांब आहे गं. पंधरा वर्षं त्या टोकाला ऐकू जावं म्हणून ओरडतेय. सवय लागली." हसल्या का रागावल्या ते कळलं नाही. मला त्यांचा चेहरा अजून नीट वाचता येत नाही.

शनिवारी त्यांनी मॅडमना हो सांगितलं. मला सांगितलं, "दोन गोष्टी. मी काही सांगितलं की ते मला परत म्हणून दाखवायचं. आणि कळलं नाही तर चालत येऊन विचारायचं, मी कितीही ओरडत असले तरी." मग मला आजोबांकडे घेऊन गेल्या. मी काही बोलायच्या आत त्याच म्हणाल्या, "बाबा, त्या दिवशीचा खोकला आमच्या दोघींमुळे. माझा शब्द, हिचा हात." आजोबा म्हणाले, "आमच्याकडे मिस्त्री लांबूनच ओरडून मापं सांगायचे, पट्टी न लावता. मग फळी आखूड यायची." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "मी हाक मारली की पळतेस कशाला? पाणी हवं होतं मला." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आज आजोबांची नळी काढायची होती. सिस्टर म्हणाल्या, "तयारी कर."

मी चालत जवळ गेले. "तयारी म्हणजे काय काय?" त्यांनी सांगितलं. मी म्हणून दाखवलं. मधलं एक विसरले. परत विचारलं. परत सांगितलं. मग मला शंका आली की पट्टी नळी काढल्यावर लगेच दाबायची की डॉक्टर म्हणतील तेव्हा. परत विचारलं. त्यांच्या कपाळावरची शीर उठली. आवाज चढलाच, सगळा वॉर्ड वळून बघायला लागला. "किती वेळा विचारशील?"

म्हटलं, "कळेपर्यंत."

त्यांनी एक श्वास घेतला. स्टूल ओढलं, बसल्या, आणि पहिल्यापासून सांगायला लागल्या. हळू आवाजात. त्या हळू बोलतात तेव्हा त्यांचा आवाज बसल्यासारखा येतो, त्यांना त्याचाही त्रास होत असणार. माझ्या लक्षात आलं की पट्टीचं मी उलटंच धरून चालले होते. लगेच दाबायची. वाट बघितली असती तर हवा आत गेली असती.

डॉक्टर आले, पडदा ओढला. सिस्टर आत आल्याच नाहीत. डॉक्टरांना म्हणाल्या, "ही आहे. हिला माहीत आहे." आणि बाहेर गेल्या.

आजोबा म्हणाले, "आज काही उघडू नकोस बाई." म्हटलं, "आज काढतोय आजोबा. मी सांगितलं की मोठा श्वास घ्या आणि धरून ठेवा." आणि मला ते मोठ्याने म्हणावं लागलं, कारण आजोबांना डाव्या कानाने कमी ऐकू येतं. "घ्या! धरा!" माझाच आवाज मला ओळखू आला नाही. डॉक्टरांनी नळी ओढली, मी पट्टी दाबली. लगेच. झालं.

दाबून धरलेली असताना मी खाली बघितलं. पडद्याखालून सिस्टरचे पांढरे बूट दिसत होते. तिथेच उभ्या होत्या, पूर्ण वेळ. डॉक्टर "छान" म्हणाले, मग बूट निघून गेले.

त्या पहाऱ्यावर होत्या याचं मला वाईट वाटायला हवं होतं का गं? मला नाही वाटलं. मीही माझ्यावर एवढा विश्वास ठेवला नसता.

उद्या दोन नव्या पेशंटना बीपी घ्यायचंय, मला एकटीला. रात्रभर पट्टा उलटा गुंडाळल्याची स्वप्नं पडणार. पण तू जेवलीस का विचारायच्या आधीच सांगते, जेवले.

थांब थांब, आत्ताच धाकट्या भावाचा मेसेज आला. आत्या! बाबांनी मिशी काढली! पूर्ण! आई म्हणे दार उघडून "कोण पाहिजे?" म्हणाली!

गोगलगाय